टेलरच्या पलंगाचा कठडा

टेलर मला फारसे कळले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या आणि माझ्या पलंगांमध्ये एक स्टूल मावेल एवढीच जागा होती, आणि त्या शेजारात आम्ही जवळजवळ वर्ष काढलं. तरी त्यांच्या बायकोचं नाव मला माहीत नाही. ती कशानं गेली तेही मी कधी विचारलं नाही. मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. सगळी नोकरी गोदामात गेली, आणि पोत्यांशी काही बोलावं लागत नाही.

पण आमच्या सिस्टर मागेच लागल्या. म्हणाल्या, "काका, म्हातारपणी शरीरात काय काय बदलतं ते मी नव्या मुलींना शिकवते. त्या माना डोलावतात आणि विसरतात. तुम्ही टेलरांचं लिहून द्या, म्हणजे लक्षात राहील." मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या कागद आणि पेनच घेऊन आल्या. तेव्हा जे पाहिलं तेवढंच लिहितो. कुठं चुकलं असेल तर सिस्टरनी खोडावं.

आमचा हा वृद्धाश्रम दोन मजली आहे. वरच्या मजल्यावर आपल्या पायांनी हिंडणारे राहतात, खालच्या मजल्यावर ज्यांना उचलावं लागतं ते. वरून खाली गेलेले बरेच पाहिले. खालून वर आलेलं मी अजून कुणी पाहिलेलं नाही.

टेलर आले ते थोड्या दिवसांसाठी. त्यांचं शिवणकामाचं दुकान बंद झालं होतं. मुलानं दुसरीकडे घर घेतलं होतं, आणि मुलगा आणि सून दोघंही सकाळी बाहेर पडत ते दिवेलागणीलाच परतत. मुलगा वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. त्यानं वडिलांचे कपडे स्वतः कपाटात लावले, चपला पलंगाखाली सरळ ठेवल्या आणि मग म्हणाला, "बाबा, बाथरूमला एकट्यानं जाता यायला लागलं की लगेच नेतो तुम्हाला. दिवसभर घरी कुणी नसतं, एवढीच अडचण आहे."

"जातोच की मी."

"घरी दोनदा पडता पडता वाचलात."

"वाचलो ना? मग झालं तर."

मुलगा हसला. पण अट ठरली ती ठरलीच. बाथरूमला एकट्यानं जाता आलं की घर. टेलरांनी त्यानंतर दुसरं काही मागितलं नाही, ना कुणाबद्दल तक्रार केली. त्यांचं सगळं लक्ष पलंगापासून त्या दारापर्यंतच्या फरशीवर होतं.

आणि दुसऱ्याच सकाळी ते पडले. जाग आली, घाई झाली, ताडकन उठले, दोन पावलं टाकली आणि माझ्या स्टुलापाशी खाली बसल्यासारखे कोसळले. मी हाका मारल्या. माझा आवाज असा की माझ्याच शर्टाच्या कॉलरला ऐकू जातो. शेवटी चमच्यानं ग्लास वाजवला, तेव्हा मावशी धावत आली.

मावशी म्हणजे आमची सेवा करणारी बाई. वयानं आमच्या मुलीसारखी, पण इथं तिला सगळे मावशीच म्हणतात. तिनं त्यांना नीट बसवलं, हात-पाय पाहिले. हाड मोडलं नव्हतं. कोपराची कातडी मात्र उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सरकून निघाली होती. संध्याकाळपर्यंत टेलरांच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा लागला. आमच्याकडे तसा नियम आहे. माणूस पडला की कठडा.

कठड्याची खिटी पायाकडे, खालच्या अंगाला असते. बाहेर उभ्या माणसाला ती सहज निघते, आत निजलेल्याचा हात तिथवर पोचत नाही. टेलरांनी पहिल्या दिवशी त्या नळीवरून बोटं फिरवत फिरवत बराच शोध घेतला. मग हात आत घेतला.

"शिवण सापडली, शेजारी," ते मला म्हणाले. मला ते शेजारीच म्हणत. "टाका सापडत नाही."

मावशी जेवण घेऊन आली तेव्हा म्हणाले, "मावशी, या वयात पाळण्यात घातलंत. आता अंगाई तरी म्हणा."

"माझा आवाज ऐकलात तर उडी मारून पळाल, आबा."

"म्हणून तर म्हणा म्हणतोय."

मावशी हसली, पण खिटीला हात लावला नाही. तिचा तरी काय दोष? पडले असते तर जाब तिलाच विचारला असता.

त्यांची कोंडी कशी होती ते मला नंतर हळूहळू उमगलं. घरी जायचं तर एकट्यानं चालता आलं पाहिजे. चालता यायचं तर चाललं पाहिजे. आणि चालायला उठू द्यायचं नाही, कारण एकदा पडले होते. तरुण माणूस आठ-पंधरा दिवस निजून राहिला तर उठून पुन्हा कामाला लागतो. आमच्या वयात मांडीचं मांस अंथरुणातच विरघळतं आणि परत यायला फार वेळ घेतं. टेलर पांघरुणाखाली हात घालून आपली मांडी चाचपायचे. कापड हातात घेऊन पोत बघावा तसं बघायचे.

दुसरी गोष्ट लघवीची. सिस्टर म्हणतात, वय झालं की पिशवीत मावतं कमी आणि भरल्याची वर्दी येते उशिरा. टेलर म्हणायचे, "खिसा लहान झालाय, आणि चेनही धड लागत नाही." घंटी दाबायची आणि वाट बघायची. मावशीकडे सगळी रांगच असे, ती तरी कुठं कुठं पुरणार? एका सकाळी ती येईपर्यंत चादर ओली झाली. मावशीनं ती निमूट बदलली. त्या दिवसापासून टेलरांनी पाणी तोडलं. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आमच्या वयात तहान तशीही लागत नाही. माझाही ग्लास तसाच राहायचा. दोन भरलेले ग्लास एका स्टुलावर, त्यात वेगळं काय दिसणार?

दुपारी ते दुकानाच्या गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, "गिऱ्हाईक एकदा जोडलं की ते म्हातारं होईपर्यंत आपल्याकडेच येतं. आधी खांदे पुढं येतात. मग कोट मागून वर उचलतो आणि पुढून लोंबतो. छाती जाते, पोट येतं. मग एक दिवस येऊन म्हणतं, टेलर, पँट लांब शिवलीत."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हणायचं, कापड सुटलंय साहेब, देतो आखूड करून. गिऱ्हाईक कधी कमी होत नाही, शेजारी. कापडच सुटतं."

"आणि पोट सुटलं तर?"

"तेव्हा कापड आटतं."

मी बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसलो, त्याचा मलाच संकोच वाटला.

मग एकदा सिस्टर नव्या मुलींना घेऊन आल्या. सेवेचं शिक्षण घेणाऱ्या पाच-सहा जणी, नव्या कोऱ्या गणवेशात. सिस्टर म्हणाल्या, "टेलर, तुमचं शरीर थोडा वेळ उसनं देता का? मुलींना शिकवायचंय."

"द्या वापरून. परत करा म्हणजे झालं."

एका मुलीनं वाकून त्यांच्या कानाशी जोरात विचारलं, "आजोबा, ऐकू येतंय का?"

"येतंय. कळत नाहीये."

सिस्टरनी समजावलं की म्हातारपणी बारीक, उंच आवाज आधी जातो. ओरडलं की आवाज आणखी चढतो आणि शब्द फुटतात. समोर यायचं, तोंड दिसू द्यायचं, खालच्या पट्टीत सावकाश बोलायचं. आणि विचारलं की थांबायचं. उत्तर उशिरा येतं, पण येतं. त्याआधी दुसरा प्रश्न घातला की पहिलाही हरवतो, आणि मग आपण म्हणतो, आजोबा भ्रमिष्ट झाले. त्यांनी टेलरांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तंबूसारखी तशीच उभी राहिली. "यावरून पाणी कमी आहे की नाही ते तरुणांत कळतं. इथं नाही कळत. इथं जीभ बघा, लघवीचा रंग बघा." मग त्या म्हणाल्या, "आणि निजलेला माणूस झटकन उभा राहिला तर रक्त पायांकडे उतरतं. तरुण शरीर ते लगेच सावरून घेतं, वय झालं की थोडा वेळ लागतो. डोळ्यांपुढं अंधारी येते. हा काही आजार नाही. काठावर बसवायचं, पाय हलवायला लावायचे, मग उठवायचं."

टेलर छताकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे मी पडलो तो आजार नाही?"

"नाही."

"मग हा कशाला?" त्यांनी कठड्यावर बोट वाजवलं.

मुली सिस्टरकडे बघायला लागल्या. सिस्टरनी कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "नियम आहे, टेलर. पुन्हा पडू नये म्हणून."

"पडून राहिलो तर पडणार नाही, हे खरं आहे."

ते हे रागानं म्हणाले नाहीत. शिवण बरोबर आली की चुकली हे सांगावं तसं म्हणाले. सिस्टर मुलींना घेऊन पुढं गेल्या. पण संध्याकाळी एकट्याच परत आल्या, वाकून खिटी काढली आणि मावशीला म्हणाल्या, "दिवसा कठडा खाली. उठतील तेव्हा तू सोबत पाहिजेस. रात्री वर."

सराव सुरू झाला. मावशी त्यांना काठावर बसवायची आणि म्हणायची, "पाय हलवा, आबा." ते हलवायचे, पण मन लागायचं नाही. मग तीच एकदा म्हणाली, "मशीनवर बसलाय असं समजा." टेलरांचे पाय जे सुरू झाले ते मी काय सांगू. टाच खाली, चवडा खाली, टाच खाली, चवडा खाली. हवेत पायमशीन. मान किंचित खाली, दोन्ही हात पुढं, जणू कापड सरकवतायत.

"किती वेळ, मावशी?"

"एक बाही होईल इतका."

बाही झाली की ते सावकाश उठायचे. अंधारी यायची नाही. आधी खिडकीपर्यंत, मग भिंतीच्या कडेनं बाथरूमच्या दारापर्यंत. पावलं लहान, पण सरळ रेघेत. मावशीनं त्यांना कधी मनगटाला धरून ओढलं नाही. आपला हात पुढं करायची आणि ते त्यावर हात ठेवायचे. आमची कातडी कागदासारखी होते, कुणी आवळून धरलं की आत रक्त साकळून जांभळे डाग पडतात, हे ती कामातूनच शिकली होती.

पाणी तोडल्याचंही तिनंच पकडलं. रात्रीचं लघवीचं भांडं रिकामं करून आली आणि म्हणाली, "आबा, हा रंग काही बरा नाही. पाणी पीत नाही तुम्ही."

"तहान लागत नाही."

सिस्टर मागेच होत्या. म्हणाल्या, "तहानेची वाट बघू नका. ती आता वेळेवर येणार नाही. घोट घोट घेत राहायचं."

तेव्हापासून आमचं दोघांचं एक ठरून गेलं. मी विचारायचं, "प्यालात का?" ते म्हणायचे, "प्यालो. तुम्ही?" मी म्हणायचं, "प्यालो." आणि मग आम्ही दोघं खरंच एकेक घोट घ्यायचो. बोलणं असं नव्हे, पण माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ होतं.

मुलाला निरोप गेला की वडील चालतायत, येऊन बघून जा. त्यानं दिवस कळवला, सकाळी येतो म्हणाला. जमलं तर त्याच दिवशी घेऊन जाणार होता. टेलरांनी मावशीकडून सुई-दोरा मागवला आणि कपाटातली फिक्या रंगाची पँट काढून कंबरेला दाबून घेतली. कंबर फारच उतरली होती. शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, भरपूर उरली, ती त्यांनी कापली नाही, आत दुमडून ठेवली. "घरचं खाऊन लागेल," म्हणाले. उत्साहात माझ्या काळ्या कोटाचं निघालेलं बटणही लावून दिलं. मावशी ते बघून हसत सुटली. दोरा निळा होता. आम्हा दोघांनाही तो काळाच दिसत होता. मी आजही तो कोट तसाच घालतो.

त्या सकाळी नेमकं मला डोळे तपासायला नेलं. निघताना मी विचारलं, "प्यालात का?" ते म्हणाले, "प्यालो." मला विचारलं नाही. त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

ते प्याले नव्हते. हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं. फिकी पँट, लांबचा प्रवास, आणि मुलासमोर डाग नको. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी घोटभरही घेतलं नव्हतं. मावशीनं दिलेला ग्लास ती वळल्यावर लघवीच्या भांड्यात ओतला होता.

मुलाला कामावरून निघायला उशीर झाला. मी परतलो तेव्हा दुपार कलली होती आणि तो नुकताच आत आला होता. टेलर इस्त्रीच्या कपड्यांत पलंगाच्या काठावर बसले होते, सकाळपासून तसेच. मावशी दाराशी उभी होती. मुलगा म्हणाला, "चला बाबा, दाखवा बघू."

मावशी हळूच म्हणाली, "आबा, आधी बाही."

टेलरांनी मुलाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. पोटच्या पोराच्या देखत हवेत पायमशीन मारायची त्यांना लाज वाटली असणार. मला तसं वाटतं, नक्की माहीत नाही. ते तसेच उठले.

तोंड पांढरंफटक पडलं. मुलानं झेप घेऊन त्यांचं मनगट घट्ट पकडलं, मावशीनं पाठ धरली, आणि दोघांनी त्यांना पलंगावर आडवं केलं. पडले असे ते नाहीत. पण मुलगा घाबरला आणि एकामागून एक विचारत सुटला. "बाबा, काय होतंय? मी कोण? आज वार कोणता? ऐकू येतंय का?" आवाज चढत गेला. टेलरांचे ओठ हलत होते, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुळत होतं, तोवर चौथा येऊन पडला. शेवटी ते म्हणाले, "दुकान उघडलंस का?"

मुलगा खाली बसला. बसला तो माझ्या स्टुलावरच.

सिस्टर आल्या, जीभ पाहिली, पाणी पाजायला लावलं. मुलाला म्हणाल्या, "पाणी कमी पडलंय, बाकी काही नाही. संध्याकाळपर्यंत पहिल्यासारखे होतील. हे नेहमीचे असे नाहीत."

"संध्याकाळी होतील हो," मुलगा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण माझ्या घरी दुपारी कोण आहे?"

सिस्टरनी रिकामा ग्लास पुन्हा भरला.

संध्याकाळी टेलर पहिल्यासारखे झाले. मग त्यांनी विचारलं, "मी काय बोललो?"

"दुकानाचं विचारलंत."

"हं." मग म्हणाले, "ते तर मीच बंद केलं. माहितीये मला."

कठडा पुन्हा वर गेला, या वेळी दिवसाही. जवळजवळ पडण्याचाही नियम आहे म्हणे. सिस्टर वरिष्ठांशी बोलल्या, मी ऐकलं. उपयोग झाला नाही. मनगटावर मुलाच्या बोटांचे जांभळे डाग बरेच दिवस राहिले. मुलगा भेटायला यायचा तेव्हा टेलर बाही ओढून बटण लावून घ्यायचे. तो विचारायचा, "कसं आहे बाबा?" ते म्हणायचे, "मजेत. झुलवतायत पाळण्यात." घराचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

मावशी वेळ मिळेल तेव्हा त्यांना काठावर बसवायची. पाय सुरू व्हायचे, पण बाही पुरी व्हायच्या आत थांबायचे. मग नुसते कफच व्हायला लागले. मांड्या काठीसारख्या झाल्या. थंडी सुरू झाली तेव्हा एकट्या मावशीला त्यांना उठवणं जमेना, दोघी लागायला लागल्या, आणि दोघी लागल्या की खालचा मजला, हेही ठरलेलंच आहे. थंडी संपायच्या आत ते तिथंच वारले. झोपेत, असं मावशी म्हणाली.

त्यांना खाली नेलं ती सकाळ सांगतो आणि थांबतो. पलंगाला चाकं असतात, कठड्यासकट ढकलत नेतात. मी लिफ्टपर्यंत सोबत गेलो. लिफ्ट यायला वेळ लागत होता. मी आपला फरशीकडे बघत उभा राहिलो. टेलर कुशीवर वळले आणि कठड्याच्या नळ्यांमधून माझ्या पायांकडे बघत राहिले.

"शेजारी, पँट टाचेखाली येतेय तुमची."

"कापड सुटलंय बहुतेक."

"सुटलंय. आणा उद्या खाली, दुमड घालून देतो."

"आणतो." लिफ्टचं दार उघडलं. "प्यालात का?"

"प्यालो. तुम्ही?"

"प्यालो."